कोपायलटच्या खुर्चीत यंत्र बसलं तर

प्रश्न असा आला आहे: “आम्ही डिचोलीचे. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला पायलटच व्हायचंय. आमचा विरोध नाही. पण कोपायलटच्या जागी रोबोट येणार असं जिकडेतिकडे वाचतो. कुळागराचा तुकडा विकून शिकवायचं आणि ती लायसन्स घेऊन येईपर्यंत खुर्चीच उरली नसेल तर? तिला मात्र वेगळंच विचारायचंय. मंगळूरच्या अपघातात कोपायलटच्या जागी रोबोट असता तर माणसं वाचली असती का?”

मुलीचा प्रश्न आधी घेतो, तुमच्या प्रश्नाची वाट त्यातूनच जाते. मी एकतीस वर्षं विमानं उडवली. त्यातली शेवटची बारा नव्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. मंगळूरचा चौकशी अहवाल मी प्रत्येक बॅचला वाचायला लावायचो.

२२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला आलं. वाटेत कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते; कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवर त्यांचं घोरणं ऐकू येतं. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला सगळं दिसतं, पण त्याचा निर्णय मागे राहतो. उतरताना विमान असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. कोपायलटने ‘गो-अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरू नका, वर घ्या, पुन्हा फिरून येऊ. एकदा नाही, तीनदा म्हटलं. कॉकपिटमधलं जमीन-इशारा यंत्रही ओरडत होतं. ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमान सुरुवातीपासून ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं आणि पठाराच्या कडेवरून खाली गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडला तेच घडलं. भर पावसात, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट पुढे टेकलं. इथेही शेजारच्या माणसाने गो-अराउंड म्हटलं. २१ जण गेले. अहवालाने ठपका ठेवताना हेही नोंदवलं की देखरेख करणाऱ्या वैमानिकाने, म्हणजे त्याच शेजारच्या माणसाने, विमान स्वतःच्या हातात घ्यायला हवं होतं.

दोन्ही वेळा चूक दिसत होती. दोन्ही वेळा ती बोलूनही दाखवली गेली. हात मात्र पुढे झाला नाही. हा हात पुढे का होत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी तो वर्षानुवर्षं सिम्युलेटरमध्ये अडखळताना पाहिला. मोठ्या माणसाचं बोलणं तोडू नये, हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं. शाळेत तेच, देवळाच्या बैठकीत तेच. पंचविशीतला पोरगा पन्नाशीतल्या कॅप्टनच्या हातातून विमान काढून घेतो, तेव्हा तो विमानापेक्षा जड काहीतरी उचलत असतो. मी मुद्दाम चुका करून बघायचो. पहिल्या दिवशी बहुतेक जण “सर... सर...” म्हणत राहायचे आणि जमीन यायची.

यंत्राला असा संकोच नसतो. त्याला वरिष्ठता ठाऊक नाही, त्याचं वार्षिक मूल्यमापन कॅप्टनच्या हातात नाही, रात्री दोन वाजता त्याचे डोळे मिटत नाहीत. त्या सकाळी उजव्या खुर्चीत विमान वर उचलण्याचा अधिकार असलेलं यंत्र असतं, तर माझ्या मते ती माणसं वाचली असती. मुलीला हे सांगा. पण हे अर्धं उत्तर आहे.

आधी हे रोबोट म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण बातम्यांतल्या चित्रांनी गैरसमज होतो. एक प्रकार खरोखर खुर्चीत बसणारा आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, एलियास नावाचा प्रकल्प काढला होता. त्यात ऑरोरा कंपनीने बसवलेला यांत्रिक हात कॅमेऱ्याने डायल वाचायचा आणि कळा दाबायचा; २०१७ साली त्याने बोइंग ७३७ च्या सिम्युलेटरमध्ये विमान उतरवून दाखवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये युटाहच्या वाळवंटात ‘रोबोपायलट’ने जुनं सेसना २०६ दोन तास उडवलं. वैमानिकाची खुर्ची काढायची, तिथे सांगाडा बसवायचा, तो दांडा ओढतो आणि पेडल दाबतो. विमानाच्या वायरिंगला हात न लावता जुनं विमान स्वयंचलित करायचं, एवढाच त्याचा उपयोग. दुसरा प्रकार दिसत नाही. तो विमानाच्या नियंत्रणातच गुंफलेला असतो. ५ फेब्रुवारी २०२२ ला केंटकीत सिकॉर्स्कीच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरने आत एकही माणूस नसताना सुमारे अर्धा तास उड्डाण केलं, ते या प्रकारातलं. पुढे टिकणार आहे तो हाच. हाताचं यंत्र बघायला छान, पण ज्या विमानात आधीच संगणक आहे तिथे संगणकाने कळ दाबायला लोखंडी बोट कशाला लागेल?

आता उरलेलं अर्धं उत्तर.

यंत्राला संकोच नसतो, तशी शंकाही नसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स पडलं. एकात १८९ माणसं, दुसऱ्यात १५७. विमानाचं नाक फार वर गेलंय असं वाटलं की ते आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली त्यात होती. तिला नाकाचा कोन कळायचा तो एकाच सेन्सरकडून. तो सेन्सर खोटं बोलला. वैमानिक नाक वर ओढत होते, प्रणाली पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. मंगळूरला जो अधिकार यंत्राला असायला हवा होता असं मी वर म्हटलं, तोच अधिकार इथे यंत्राला होता, आणि त्याच अधिकाराने माणसं मारली. म्हणून ‘रोबोट चांगला की माणूस’ हा वाद मला कधी पटला नाही. कोणाला कशाचा अधिकार आणि तो कितीजणांच्या साक्षीवर, हे ठरवणं म्हणजे खरं काम. एका सेन्सरच्या शब्दावर नाक खाली दाबायचं नसतं. तीन सेन्सर, त्यातले दोन सहमत, आणि तिघांत भांडण असेल तर माणसाला तसं स्पष्ट सांगणं.

एक जुनी गोष्ट जास्त सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या पिढीला चटका लावून गेली. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं अगदी नवं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर पडलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. इंजिन ठीक, हवा ठीक. झालं काय, तर विमान ‘ओपन डिसेंट’ नावाच्या अवस्थेत होतं. या अवस्थेत इंजिनं किमान ताकदीवर राहतात आणि वेग सांभाळायचा तो नाक खालीवर करून. वैमानिकांना वाटलं, ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप कमीजास्त करणारं यंत्र, वेग सांभाळतंय. ऑटोथ्रस्टच्या हिशोबाने ते त्याचं काम नव्हतंच. उतरणीचा कोन धरून ठेवण्यासाठी नाक वर राहिलं, इंजिनं निवांत, वेग घसरत गेला. तेवीस वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं बोइंग ७७७ याच गैरसमजाने समुद्राच्या बांधाला धडकलं. विमान वेगळं, कंपनी वेगळी, पण समज तीच: वेग यंत्र बघतंय.

माझ्याशीही हे एकदा झालं आहे. जून महिना, संध्याकाळ, मुंबईहून दाबोळी. पश्चिमेचा वारा, म्हणून सव्वीस नंबरची धावपट्टी. पूर्वेकडून सांकवाळवरून यायचं, उजव्या हाताला झुआरी. पुढे पावसाचा एक काळा पडदा होता आणि माझं सगळं लक्ष तो धावपट्टीच्या अलीकडे येतो की पलीकडे जातो याकडे. ऑटोपायलट सोडून मी हाताने उडवत होतो आणि माझ्या बाजूचा फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नाक कुठे धरायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण, बंद केला होता. शेजारचा बंद करायला सांगायचं राहिलं. दोन्ही बंद झाले असते तर ऑटोथ्रस्ट वेग धरायला लागला असता. एक चालू राहिला, म्हणून तीच ओपन डिसेंटची अवस्था टिकली आणि इंजिनं किमान ताकदीवरच राहिली. शेजारी बसलेली मुलगी, नोकरीला लागून वर्ष झालेलं, एवढंच म्हणाली: “स्पीड, सर. थ्रस्ट आयडल.” वेग हवा त्यापेक्षा आठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटर, कमी होता. मी थ्रॉटल पुढे केला आणि गो-अराउंड घेतला. दुसऱ्या फेरीत उतरलो. खाली आल्यावर मी तिचे हात जोडून आभार मानले. बंगळूरचा अहवाल पाठ असलेला माणूस मी, आणि तरी दीड हजार फुटांवर तीच चूक माझ्या हातून होत होती.

ती चूक ज्ञानाची नव्हती, पहाऱ्याची होती. माणूस पहारा नीट देऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर बसणारी तरबेज मुलं पाणबुड्यांचे ठिपके चुकवायला लागली, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने तपास केला. एका घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक पुढे सरकायचा, मधूनच एखादी उडी दुप्पट असायची, ती ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागली. आळशी माणसं नव्हती ती. मेंदूच तसा आहे: काहीच घडत नाही अशा ठिकाणी तो बघायचं थांबवतो. आणि आम्ही कॉकपिटमध्ये गेल्या चाळीस वर्षांत काय केलं? उडवण्याचं काम, ज्यात माणूस जागा राहतो, ते यंत्राला दिलं. पहाऱ्याचं काम, ज्यात माणूस कच्चा आहे, ते माणसाकडे ठेवलं.

मी चोडणचा. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, बांधाला मानस असते, लाकडी दारं असलेली. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. कोणी हात लावत नाही. शेकडो वर्षं ती अशी चालत आली आहे आणि तिच्या भरवशावर आत कोरगुट भात पिकतो. पण दोन दारांच्या फटीत एक ओंडका अडकला की भरतीचं खारं पाणी रात्रीत शेतात शिरतं. म्हणून माझे आजोबा अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला कंदील घेऊन बांधावर जायचे. रोज नाही. भरती मोठी असेल तेव्हाच, आणि काय बघायचं ते त्यांना नेमकं ठाऊक असायचं. फट बघायची. ते आठ तास दाराकडे टक लावून बसले असते तर ओंडका आला तेव्हा झोपलेले असते.

एअर फ्रान्स ४४७ मध्ये, १ जून २००९ ला, अटलांटिकवर असाच ओंडका अडकला. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, अगदी थोडा वेळ. ऑटोपायलट सुटला. तोवर शांतपणे पहारा देणाऱ्या माणसांच्या हातात रात्रीच्या वादळात अचानक विमान आलं. एकाने नाक वर ओढलं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवा धरेना. इशारा वाजत होता. पुढे वेग इतका उतरला की ६० नॉटच्या खालचं मोजमाप संगणकाला खोटं वाटलं आणि त्याने इशाराच बंद केला. वैमानिकाने नाक खाली केलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढायचा आणि इशारा पुन्हा वाजायचा. बरोबर केलं की यंत्र ओरडतंय आणि चुकलं की गप्प बसतंय. साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं समुद्रात गेली. सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग शांत हवेत, दुपारी, चहा पिऊन आलेल्या वैमानिकाला दिला तर तो सहज सोडवतो. तिथे तो सुटला नाही.

म्हणून मला असा रोबोट हवा आहे जो माझ्यावर पहारा देईल. ज्याच्यावर मी पहारा द्यायचा, असा नको. माझ्या मनात हे पक्कं व्हायला बरीच वर्षं लागली. अशी यंत्रं आहेत, आणि त्यांचं काम बघून मन भरून येतं. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत २०१४ पासून एक प्रणाली आहे. ती उडवत नाही, बोलत नाही, बहुतेक वैमानिकांना नोकरीभर तिची भेटही होत नाही. विमान जमिनीवर आदळणार आणि आता माणसाकडे वेळ उरला नाही, हे तिला कळतं तेव्हाच ती विमान हातात घेते, सरळ करून वर काढते आणि पुन्हा सोडून देते. २०१६ साली जोरदार वळणात बेशुद्ध पडलेला एक शिकाऊ वैमानिक तिने वाचवला. त्याचा व्हिडिओ जाहीर झाला आहे, मुलीला दाखवा. एअरबसच्या काही विमानांत उतरतानाच हिशोब करणारी प्रणाली असते: ओल्या धावपट्टीवर या वेगाने, या उंचीने आलात तर थांबायला जागा पुरणार नाही, असं ती टेकायच्या आधी सांगते. मंगळूरला आणि कोळिकोडला जो आकडा कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, तो ती मांडते. छोट्या विमानांसाठी गार्मिनचं एक बटण आहे, २०२० मध्ये मान्यता मिळालेलं. वैमानिक कोसळला तर मागे बसलेल्या प्रवाशाने ते दाबायचं. यंत्र जवळची योग्य धावपट्टी निवडतं, नियंत्रण कक्षाला कळवतं, उतरवतं आणि इंजिन बंद करतं.

आणि असं यंत्र नसलं तर काय होतं तेही सांगतो. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्सच्या कोपायलटने कॅप्टनला बाहेर ठेवून दार लावलं आणि ऑटोपायलटला १०० फुटांची उंची दिली. समोर आल्प्स पर्वत. ऑटोपायलटने निमूटपणे आज्ञा पाळली. १५० माणसं गेली. डोंगर कुठे आहे हे त्याच विमानातल्या दुसऱ्या यंत्राला ठाऊक होतं, पण त्याला फक्त ओरडता येत होतं.

गोव्यापुरतं बोलायचं तर इथला पाऊस ही यंत्राची खरी परीक्षा आहे. दिल्लीच्या धुक्यात विमान आपोआप उतरतं, कारण धुकं असतं तेव्हा वारा जवळजवळ नसतो. मोपाच्या पठारावर जुलैत ढग धावपट्टीवर टेकतात आणि सोबत वारा असतो. ए-३२० मध्ये आपोआप उतरण्यासाठी बाजूच्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट आहे. माणसाच्या हाताने झोतांसकट ३८ नॉटपर्यंत उतरवून दाखवलेलं आहे. शिवाय आपोआप उतरायला जमिनीवरची यंत्रणा त्या दर्जाची लागते. उलट उदाहरणही इथलंच आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसावर नौदलाने विमानवाहू जहाजाच्या डेकसारखा, टोकाला वर चढत जाणारा धावपट्टीचा तुकडा बांधला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचं तेजस हे लढाऊ विमान त्यावरून पहिल्यांदा उडवलं. त्या उडीसाठी नियंत्रण-संगणकात अशी खास अवस्था आहे की वैमानिकाने दांड्याला हात न लावता विमान स्वतः चढणीवर येतं. काही सेकंदांचं ते काम यंत्र जास्त नेमकं करतं, म्हणून ते यंत्राला दिलं. तिथे कोणाच्या मानापमानाचा प्रश्न आला नाही.

आता तुमची काळजी. मालवाहू छोटी विमानं आधी बदलतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये आत कोणी नसलेलं सेसना कॅराव्हान कॅलिफोर्नियात उडालंही. प्रवासी विमानांत लांबच्या उड्डाणात मधल्या टप्प्यात एकाच वैमानिकाने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्याने झोप घ्यायची, अशी कल्पना विमान बनवणाऱ्यांनी बरीच पुढे रेटली होती. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये अभ्यासाअंती सांगितलं की आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता यातून सिद्ध होत नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. इकडे एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली. ती सगळी दोन वैमानिकांची विमानं आहेत आणि एक विमान वीस-पंचवीस वर्षं चालतं. खुर्ची राहील. पण खुर्चीतलं काम बदलेल. तुमची मुलगी एखादं यंत्र काय करतंय, का करतंय आणि पुढच्या मिनिटाला काय करणार आहे हे बोलून दाखवू शकेल, आणि ते चुकलं तर हाताने विमान उडवू शकेल, तरच ती त्या खुर्चीत शोभेल. स्क्रीनच्या वरच्या कडेला अवस्था दाखवणारे चार-पाच छोटे शब्द असतात. ते प्रत्येक बदलाला मोठ्याने वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यायची. त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या मुलीने तेच वाचलं होतं.

शाळा निवडताना इमारत बघू नका. एका विद्यार्थ्यामागे किती विमानं खरोखर उडण्याच्या स्थितीत आहेत, आणि मागच्या बॅचला लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे २०० तास पुरे व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागले, हे तिथल्या मुलांना विचारा, ऑफिसला नाही. पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद असतं तेही विचारा. आणि कुळागराचा विचार करण्याआधी तिची पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी क्लास टू ही प्राथमिक, मग क्लास वन ही व्यावसायिक लायसन्सला लागणारी. डोळे, कान, हृदय. कधीकधी अगदी धडधाकट मुलं एखाद्या लहानशा गोष्टीवर अडकतात. क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत कोणालाही फी भरू नका.